परीक्षण लिहायचंय? मग कथा अशी वाचा

कथेवर परीक्षण लिहायला घेतलं की पहिलं वाक्य सगळ्यांनाच सुचतं, "कथा खूप छान आहे, मनाला भिडली." घोडं अडतं ते दुसऱ्या वाक्यापाशी. मग काय, गोष्ट सांगायला सुरुवात होते, अमुक असतो, तो तमुककडे जातो, मग असं होतं, मग तसं होतं, आणि पान भरलं की शेवटी "सर्वांनी जरूर वाचावी". यात परीक्षण कुठेच नसतं, गोष्टच परत सांगितलेली असते. आणि जे म्हणतात की मला लिहिता येत नाही, त्यांना बहुतेक वेळा लिहिता येत असतं, फक्त लिहायला हाताशी काही नसतं, कारण कथा एकदाच वाचलेली असते आणि तीही पुढे काय होतंय या ओढीने. म्हणून हा लेख लिहिण्याबद्दल कमी आणि वाचण्याबद्दल जास्त आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात ठेवा. परीक्षणात जे मत मांडाल त्या प्रत्येक मतासाठी कथेतल्या कुठल्या तरी वाक्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. ठेवता येत नसेल तर ते मत तूर्त बाजूला, मग ते कितीही मनापासून वाटत असो.

आधी नुसती वाचा

पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घेऊ नका. खरंच नको. पहिल्यांदा वाचताना जे होतं, म्हणजे उत्सुकता, कंटाळा, धक्का, ते परत कधीच तसं होणार नाही आणि परीक्षणाला त्याची गरज असते. अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पोने १८४२ मध्ये नॅथॅनिएल हॉथॉर्न या दुसऱ्या अमेरिकन लेखकाच्या कथांवर लिहिताना म्हटलं होतं की कथा एका बैठकीत वाचून व्हावी, अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत, आणि सगळी मिळून तिने एकच परिणाम साधावा. (लघुकथेबद्दलचं इतकं गाजलेलं म्हणणं मुळात एका परीक्षणात आलंय, परीक्षण लिहिणाऱ्यांनी यावर थोडं खूश व्हायला हरकत नाही.) आता सगळ्याच कथा असा एकच परिणाम साधायला बघतात असं काही नाही, पण वाचणाऱ्याच्या बाजूने एका बैठकीचं म्हणणं शंभर टक्के उपयोगाचं आहे. अर्धी कथा काल रात्री झोप येत असताना, उरलेली आज प्रवासात, मधे फोन वाजतोय, आणि नंतर तुम्ही लिहिता की कथा मध्यावर ढेपाळते. ढेपाळलेले तुम्ही असता.

जमलं तर लेखकाचं नाव झाकून वाचा, निदान तसा प्रयत्न करा. केंब्रिजमध्ये इंग्रजी समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव न देता कविता वाचायला दिल्या होत्या आणि त्यावर विद्यार्थ्यांनी जे लिहून दिलं ते १९२९ मध्ये पुस्तकात मांडलं. नावाचा आधार काढून घेतल्यावर चांगले शिकलेले वाचकही चाचपडले, नावाजलेल्या कवींच्या कवितांना नावं ठेवून बसले आणि सुमार कवितांचं कौतुक करून बसले. आपलंही तेच होतं, मोठं नाव दिसलं की न कळलेली जागा खोल वाटते आणि नवीन नाव दिसलं की तीच जागा गोंधळलेली वाटते. प्रस्तावना, मलपृष्ठावरचा मजकूर, दुसऱ्यांची परीक्षणं, हे सगळं नंतर.

वाचून झालं की लगेच चार-पाच ओळी लिहून काढा. काय लक्षात राहिलं, कुठे लक्ष उडालं, कुठलं वाक्य परत मागे जाऊन वाचावं लागलं, संपल्यावर कसं वाटलं. का वाटलं ते आत्ता लिहायचं नाही. भाषा सुधारायची नाही. "मधली चिठ्ठी बोअर", "शेवट कळला नाही पण आवडला", असं चालतं. हे तुमचं मत नाही अजून, कुठे शोधायचं त्याच्या या खुणा आहेत.

दुसरं वाचन, पेन्सिल घेऊन

आता कथेची अशी प्रत घ्या जिच्यावर लिहिता येईल, प्रिंट काढा नाहीतर पीडीएफवर करा. सगळ्यात आधी परिच्छेदांना नंबर टाका. हे कारकुनी काम वाटतं पण पुढे याच्याइतकं उपयोगी काही नसतं, नोट्समध्ये "प. १४" लिहिलं की काम झालं, शोधत बसावं लागत नाही. खुणा तीनच ठेवा. परत परत येणाऱ्या गोष्टीखाली रेघ, जिथे "हे असं का" वाटलं तिथे प्रश्नचिन्ह, जिथे पटलं नाही तिथे फुली. चार रंगांचे हायलाइटर घेऊन बसलं की पान छान दिसतं पण सगळंच पिवळं झालं की काहीच पिवळं नसतं.

आता नेमकं बघायचं काय, ते नुसतं सांगून कळत नाही म्हणून एक तुकडा घेऊ. हा इथे समजावण्यापुरताच रचलाय. दोन भाऊ आहेत, आईच्या मागे राहिलेलं घर विकायला काढलंय, घेणाऱ्याने खोल्यांची मापं मागितलीयत.

मोठ्याने टेप ओढली. धाकट्याने दुसरं टोक भिंतीला दाबून धरलं.
"बारा," मोठा म्हणाला.
"साडेअकरा."
"बारा लिही."
धाकट्याने लिहिलं. आईच्या खोलीशी आल्यावर मोठा उंबऱ्यातच थांबला, म्हणाला, ही नंतर मोजू, उजेड नाहीये. धाकट्याने आत जाऊन खिडकी उघडली. दुपारचं ऊन थेट पलंगापर्यंत आलं.
"आता?" त्याने विचारलं.
मोठा टेप गुंडाळायला लागला. बटण दाबलं की आपोआप आत जाणारी टेप होती ती.

घाईत वाचलं तर यातून एवढंच हाती लागतं की मोठ्याला आईच्या खोलीत जाववत नाहीये. बरोबर आहे, पण हे कथेचं सार झालं. परीक्षणाला लागतं ते हे की आपल्याला हे कळलं कुठून, कारण लेखकाने तर कुठेच म्हटलेलं नाही.

बघा, नावं नाहीत. मोठा आणि धाकटा, म्हणजे कोण आधी जन्मला एवढीच ओळख दिलीय आणि सगळा प्रसंग त्याच उतरंडीवर चालतो. टेपवर साडेअकरा असेल किंवा बारा, खरं माप कुठलं ते कथा सांगत नाही. मोठा घेणाऱ्याला फसवतोय का त्याला आपलंच खरं करायची सवय आहे, दोन्ही शक्य आहे, आत्ताच ठरवायचं नाही, प्रश्नचिन्ह टाकून पुढे जायचं. लिहिण्याचं काम धाकट्याकडे आहे हेही नोंदवा, कारण लिहिणारा तो आहे पण आकडा त्याचा नाहीये. मग उजेडाची सबब. धाकटा खिडकी उघडतो आणि सबब संपते. आता त्याचा "आता?" हा एकच शब्द भोळेपणाने आलाय का मोठ्याला कोंडीत पकडायला, हे त्याने कसं विचारलं ते सांगितलं असतं तर कळलं असतं, लेखकाने ते सांगितलेलं नाही, नुसतं "विचारलं".

आणि शेवटची दोन वाक्यं. आपोआप आत जाणारी टेप हाताने गुंडाळावी लागत नाही. म्हणजे त्याचे हात गरज नसलेलं काम करतायत. भावनेचा एकही शब्द न वापरता सगळं सांगून झालंय, आणि तेही टेपबद्दलच्या एका कोरड्या माहितीतून. ही जागा मिळाली की परीक्षणातला एक अख्खा परिच्छेद मिळाला समजा.

अजून एक बारीक गोष्ट. बाकी सगळे संवाद अवतरणचिन्हांत आहेत पण "ही नंतर मोजू, उजेड नाहीये" हे नाही, ते निवेदनातच मिसळलंय. त्यामुळे ते बोलणं पुटपुटल्यासारखं, धड बाहेर न आलेलं वाटतं. पण सावधान, ही छपाईची चूकही असू शकते! अशा वेळी कथेत इतर ठिकाणी काय केलंय ते बघायचं. जिथे जिथे पात्रं टाळाटाळ करतात तिथे चिन्हं गायब असतील तर ती पद्धत आहे, बिनधास्त लिहा. एकदाच असेल तर त्यावर इमारत उभी करू नका.

नोट्स काढताना तीन रकाने करा. कथेत काय आहे, त्याने काय होतं, आणि मला ते जमलेलं वाटलं का. तिसरा रकाना दुसरं वाचन पूर्ण होईपर्यंत रिकामा ठेवायचा. हे अवघड जातं, हात शिवशिवतात, पण तिसरा रकाना आधी भरला की पहिल्या रकान्यात फक्त सोयीचंच दिसायला लागतं.

प्रतीकांबद्दल इथेच बोलून घेऊ कारण नवीन लोक इथे फार वाहवत जातात. टेप म्हणजे आयुष्याची मर्यादा, ऊन म्हणजे सत्य, खिडकी म्हणजे स्मृती, असं सुरू झालं की थांबा. त्यापेक्षा विचारा की ही वस्तू परत येते का, येताना बदलते का, आणि तिच्या जागी दुसरी काही ठेवली तर प्रसंग टिकतो का. इथे टेपच्या जागी अंदाजाने कागदावर मापं लिहिणं ठेवलं तर शेवटची दोन वाक्यं कोसळतात, म्हणजे टेपला काम आहे. तिला अर्थ "असलाच" पाहिजे असं नाही, काम असलं की पुरे. रशियन कथाकार-नाटककार चेखवने १८८९ च्या एका पत्रात लिहिलं होतं की कोणी झाडणारच नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये. लोक ते उलटं करून वापरतात आणि कथेतल्या प्रत्येक कपबशीकडून स्फोटाची अपेक्षा करतात.

कोण सांगतंय, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा का

माझ्या मते ज्याला निवेदक नीट पकडता आला त्याचं निम्मं परीक्षण झालं. वरच्या तुकड्यात निवेदक दोघांच्याही बाहेर उभा आहे, काय केलं आणि काय बोलले एवढंच सांगतोय, मनात कोणाच्याच शिरत नाही. आता समजा याच कथेत दोन पानांनी असं वाक्य आलं, "मोठ्याला आईची फार आठवण येत होती." वाक्य चूक आहे का? नाही. पण जो निवेदक इतका वेळ बाहेर थांबला तो अचानक आत घुसला, आणि जे टेपने आधीच सांगितलं तेच परत शब्दांत सांगून गेला. हे नोंदवा. कदाचित लेखकाने मुद्दाम केलं असेल, पुढे धाकट्याच्याही मनात जाणार असेल. नसेल तर मात्र तुम्हाला एक ठोस तक्रार मिळाली.

"मी" म्हणून सांगणारा निवेदक असला तर चार गोष्टी विचारायच्या, हा कोणाला सांगतोय, घडल्यावर किती काळाने सांगतोय, याला काय माहीत असणं शक्यच नाही, आणि असं सांगण्यात याचा फायदा काय. अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये अविश्वासार्ह निवेदकाची कल्पना मांडली तेव्हापासून हा प्रश्न समीक्षेत कायमचा येऊन बसलाय. अविश्वासार्ह म्हणजे खोटारडाच असं नाही, लहान मूल असेल, स्वतःलाच फसवणारा असेल, दुखावलेला असेल. तो सांगतो ती घटना आणि तो तिला देतो तो अर्थ यात फट दिसते का ते बघायचं. "मी कधीच तिच्यावर चिडलो नाही" असं म्हणणारा माणूस तीन वेळा दार आपटून गेलेला असला की झालं.

यातूनच निघणारी आणि परीक्षणात हमखास दिसणारी गफलत म्हणजे निवेदकाचं मत लेखकाच्या नावावर टाकणं. "लेखक गरिबांबद्दल तुच्छतेने लिहितो", अहो लेखक नाही, निवेदक तुच्छतेने बोलतोय, आता कथा त्याला साथ देते का त्याचे पाय ओढते ते बघा. कधी कधी कथा खरंच साथ देते, त्याला शिक्षा होत नाही, कोणी उलट बोलत नाही, त्याचं म्हणणं खरंच ठरतं. तसं असेल तर तसं स्पष्ट लिहा, पण एवढं तपासून मग.

शंका असेल तर एक परिच्छेद दुसऱ्या पात्राच्या तोंडून लिहून बघा, दहा मिनिटं लागतात. काय हरवलं ते दिसलं की लेखकाने हाच निवेदक का निवडला ते आपोआप कळतं. आणि काहीच हरवलं नाही तर तेही कळतं.

कथा कुठे रेंगाळते

समासात प्रत्येक परिच्छेदाशेजारी कथेतला किती वेळ गेला ते लिहा. पाच मिनिटं, दोन वर्षं, शून्य. मग नुसतं वरून खाली बघत जा. एका वाक्यात दहा वर्षं उडतात आणि चहाचा एक कप तीन पानं चालतो, आणि जिथे कथा रेंगाळते तिथे वजन आहे असं लेखकाला वाटतंय. तुम्हालाही तसं वाटतंय का? बारा पानांच्या कथेत आठ पानं तयारीत गेली आणि ज्या भेटीसाठी तयारी ती भेट अर्ध्या पानात उरकली, हे नुसतं मोजून लिहिलं तरी "कथेचा तोल गेला आहे" यापेक्षा दसपट जड पडतं. अर्थात ती भेट उरकणं हाच मुद्दा असू शकतो, वाट बघण्याची कथा असेल तर भेट छोटीच हवी. म्हणून मोजून झालं की परत कथेला विचारायचं. पूर्वकथा, म्हणजे फ्लॅशबॅक, कुठे येतो तेही बघा. ताण वाढलेला असताना मधेच लहानपण सुरू झालं तर ते कशासाठी, उत्सुकता ताणायला, का लेखकाला आत्ताच आठवलं की हे सांगायचं राहिलंय?

पात्रं आणि बोलणं

पात्रांबद्दल थोडक्यात. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने १९२७ मध्ये सपाट, म्हणजे एकाच गुणावर उभी, आणि गोलाकार पात्रं असा फरक केला, गोलाकार पात्र आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकतं, ही त्याची कसोटी. पण तो बोलत होता कादंबरीबद्दल. लघुकथेत दुकानदार, शेजारीण, डॉक्टर सपाट असले तर तो दोष नव्हे, जागाच नसते. मुख्य पात्राचं बघा, ते शेवटी जे करतं त्याची बारीकशी चाहूल आधी कुठे लागली होती का.

संवादात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर कोण देतं आणि कोण टाळतं ते बघा, टाळाटाळीतच खरी कथा चालू असते. संबोधनं बघा, कोण कोणाला तू म्हणतं, कुठे अचानक तुम्ही येतं. दोन माणसं एकमेकांना आधीच माहीत असलेलं सांगत असतील, "तुला तर माहीतच आहे दादा, बाबा गेल्यापासून आईने एकटीने दुकान सांभाळलं", तर ते बोलणं दादासाठी नाहीच, वाचकासाठी आहे, फुली मारा. आणि एकदा बोलणाऱ्यांची नावं बोटाने झाकून वाचा. कोण बोलतंय ते कळत नसेल तर सगळी पात्रं लेखकाच्याच आवाजात बोलतायत.

शेवट

पहिला परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद लागोपाठ वाचा, मधलं काही न वाचता. फार वेळा कथेने काय बदललं ते इतक्यातच दिसतं.

ट्विस्ट असेल तर दुसऱ्या वाचनात त्याची खरी परीक्षा होते. शेवट माहीत असताना आधीची वाक्यं नव्याने बोलायला लागली, हे तर तिथेच लिहिलेलं होतं असं वाटलं, तर ट्विस्ट कमावलेला आहे. दुसऱ्यांदा वाचताना काहीच नवीन दिसलं नाही तर लेखकाने नुसती माहिती लपवली होती. "मी" म्हणून सांगणाऱ्याला सगळं पहिल्यापासून माहीत होतं आणि लपवायला त्याला कथेत काही कारणच नव्हतं, तर सरळ फसवणूक म्हणा, भीड बाळगू नका. आणि खुला शेवट आणि अर्धवट सोडलेली कथा यात फरक असतो, खुल्या शेवटात निदान दोन शक्यता असतात आणि दोन्हींना कथेत पुरावा असतो.

आपल्या दोन भावांचा शेवट असा समजा. आईची खोली मोजलीच जात नाही, बाहेर पायरीवर बसून धाकटा कागदावर त्या खोलीपुढे "बारा" लिहितो. इथे दोन वाचनं होतात. तो थकला, मोठ्यापुढे कायमचा झुकला, हे एक. किंवा त्याने मोठ्याला आत जाण्यापासून वाचवलं, मोठ्याचाच आकडा वापरून, हे दुसरं. दोन्हींना आधीचं "बारा लिही" आधार देतं, म्हणून हा चांगला खुला शेवट. पण समजा त्यानंतर अजून एक ओळ आहे, "काही खोल्या मोजता येत नाहीत." आता त्या ओळीवर बोट ठेवा आणि तिच्याशिवाय कथा वाचा. सुधारली? मग ती ओळ लेखकाला आपल्यावर विश्वास नसल्याची खूण आहे, आणि तुमच्याकडे मत पण आहे आणि पुरावा पण.

निरीक्षणाचं मत कसं करायचं

इथपर्यंत आपण काय आहे ते बघितलं. आता कितपत जमलंय ते ठरवायचं, आणि त्यासाठी आधी ही कथा करायला काय बघतेय ते एका वाक्यात लिहावं लागतं. "ही कथा दोन भावांमधलं न बोललेलं दुःख फक्त हालचालींतून दाखवायला बघते." हे वाक्य परीक्षणात आलंच पाहिजे असं नाही, पण ते तुमच्या टेबलावर हवं. अमेरिकन लेखक जॉन अपडाइकने १९७५ मध्ये परीक्षणाचे काही नियम लिहिले होते, त्यातला पहिलाच हा की लेखकाला काय करायचं होतं ते समजून घ्या आणि जे त्याने करायला घेतलंच नाही ते जमलं नाही म्हणून त्याला दोष देऊ नका. भयकथेत सामाजिक भान नाही, विनोदी कथेत गांभीर्य नाही, अशी परीक्षणं या एका नियमाने रद्द होतात.

पण "लेखकाला काय करायचं होतं" हे कळायचं कसं, मुलाखत वाचून? नको. विमसॅट आणि बिअर्डस्ली या अमेरिकन अभ्यासकांनी १९४६ मध्येच मांडलं होतं की लेखकाचा हेतू हा साहित्यकृती मोजायचं माप होऊ शकत नाही. म्हणजे अपडाइकचा नियम वापरायचा पण हेतू शोधायचा तो पानावर, कथेने स्वतः कुठली वाट धरलीय त्यावरून. ती वाट सोडून कथा कुठे भरकटली ते मग दाखवता येतं. असा प्रयत्न करण्यासारखा होता का, हा मोठा प्रश्नही विचारायचा हक्क तुम्हाला आहे, पण तो शेवटी.

विशेषणांवर जरा कडक व्हा. प्रभावी, ओघवती, तरल, अंतर्मुख करणारी, काळजाला हात घालणारी, हे शब्द कुठल्याही कथेला चिकटतात म्हणून ते कुठल्याच कथेबद्दल काही सांगत नाहीत. "लेखकाची शैली संयत आणि प्रभावी आहे" याच्या जागी हे बघा:

"मोठ्या भावाचं दुःख कथेत पहिली सहा पानं एकदाही नाव घेऊन येत नाही. आपोआप आत जाणारी टेप तो हाताने गुंडाळत बसतो, आणि वाचकाला कळायचं ते कळतं. म्हणूनच सातव्या पानावर त्याला आईची आठवण येत असल्याचं निवेदक सांगतो तेव्हा ते खटकतं. कथेने जी शिस्त स्वतःच घालून घेतली ती इथे मोडते, आणि शेवटच्या ओळीत परत मोडते."

यात कौतुक आणि तक्रार एकाच पुराव्यावर उभी आहे. पटलं नाही तरी वाचणारा सातवं पान उघडून भांडू शकतो, आणि त्याला तशी सोय करून देणं हेच तर आपलं काम.

भावनिक विषय असला की अजून एक तपासणी करा. रिचर्ड्स यांना विद्यार्थ्यांच्या लिखाणात जे दोष दिसले त्यात एक होता ठरीव प्रतिसाद, म्हणजे विषय दिसला की आधीपासून तयार असलेली भावना बाहेर येणं. आई गेली, शहीद जवान, म्हातारपण, पाळीव कुत्रा. डोळ्यात पाणी आलं ते या कथेमुळे का विषयामुळे? सोपी परीक्षा अशी की ती वाक्यं उचलून कुठल्याही दुसऱ्या कथेतल्या आईला लावता येतात का बघायचं. लागत असतील तर पाणी तुमचं होतं, कथेचं नव्हतं.

मग तिसरं वाचन, पण सगळ्या कथेचं नाही. तुमचं सगळ्यात मोठं कौतुक आणि सगळ्यात मोठी तक्रार घ्या आणि त्याच्या विरुद्धचा पुरावा शोधायला कथेत परत जा, वकील बदलून. सापडला तर मत थोडं खाली आणा किंवा तो पुरावाही मांडा, "अर्थात पाचव्या परिच्छेदात..." असं एखादं वाक्य असलं की परीक्षणावर विश्वास बसतो.

लिहायला घेताना

सातशे-आठशे शब्दांचं परीक्षण असेल तर कथानक शंभर-सव्वाशे शब्दांत संपवा, वाचकाला तुमचा मुद्दा कळायला लागेल तेवढंच. शेवट फोडावा लागणार असेल तर आधी सांगा, मग बिनधास्त फोडा, शेवटाबद्दल न बोलता लघुकथेचं मूल्यमापन करणं बऱ्याचदा अशक्य असतं. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, भाषाशैली, संदेश असे शाळेतले कप्पे करू नका, त्यात प्रत्येकाबद्दल दोन ओळी भरतात आणि कशाबद्दलच काही सांगून होत नाही. नोट्समधले दोन किंवा तीन मुद्दे उचला, एकेकाला नीट जागा द्या, बाकीचे सोडून द्या, जीवावर येतं पण सोडा. कच्चा खर्डा झाला की प्रत्येक मतापुढे समासात कथेच्या परिच्छेदाचा नंबर टाका, नंबर मिळाला नाही ते वाक्य काढून टाका.

बोलायचं ते कथेबद्दल, माणसाबद्दल नाही. "लेखकाला स्त्रीमन समजत नाही" असं लिहून तुम्ही त्याच्याबद्दल काहीतरी सांगताय जे तुम्हाला माहीत असणं शक्य नाही, "कथेतली बायको एकदाही स्वतःचा निर्णय घेताना दिसत नाही" हे मात्र कोणीही तपासू शकतं. स्वतःची आवडनिवड आडवी येत असेल तर एका वाक्यात सांगून मोकळं व्हा, की मला मुळात अशा प्रकारच्या कथा जड जातात, वाचणारा त्या हिशोबाने घेईल.

कथेचं नाव, लेखकाचं नाव, कुठे आणि कधी छापून आली, हे विसरू नका. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव हवंच, आणि मग शब्दांच्या निवडीचं कौतुक करताना जरा जपून, कारण ते शब्द अनुवादकाने निवडलेत. अवतरणं दोन-तीनच घ्या, छोटी घ्या, आणि पाठवायच्या आधी मूळ कथा शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा, स्वल्पविरामासकट. आठवणीतून टाइप केलेलं वाक्य आपण नकळत आपल्या वळणाचं करून टाकतो, आणि ज्या शब्दावर तुम्ही दोन परिच्छेद खर्च केलेत तो शब्द मूळ कथेत नसला तर सगळंच गेलं.